माझ्या गाडीनं काय पाप केलं होतं?

पत्राचा गोषवारा:

नाशिकमध्ये राहणाऱ्या, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या ४५ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. २०१८च्या दसऱ्याला त्यांनी नवी डिझेल गाडी घेतली, ऑन-रोड १२ लाख ४० हजारांना. गाडी त्यांनीच निवडली, त्याच चालवतात. सात वर्षांत ६१ हजार किलोमीटर झाले, सर्व्हिस एकदाही चुकली नाही, विम्याचा क्लेम एकही नाही. मधल्या काळात ती गाडी बनवणारी परदेशी कंपनी भारतातलं उत्पादन बंद करून निघून गेली. आता मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, जाणं-येणं वाढलंय, म्हणून गाडी बदलायची ठरवली. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या तीन कन्सल्टंटना दाखवली. सगळ्यात वरचा भाव आला ४ लाख १० हजार. त्याच वर्षी जावेनं डिझेल स्विफ्ट घेतली होती ८ लाख ६० हजारांना. ती ८८ हजार किलोमीटर पळूनसुद्धा या जुलैत ४ लाख ४० हजारांना गेली. घरी जेवताना हा विषय निघतोच, आणि यजमान म्हणतात, "गाडी तुझ्याच पसंतीची होती ना!" पुढच्या गाडीसाठी ११-१२ लाख बाजूला आहेत. ताईंना चाकणला बनणारी एक युरोपियन गाडी चालवून बघितल्यावर मनापासून आवडली. घरचे म्हणतात, डोळे झाकून मारुती घ्या नाहीतर टोयोटा, बाकी कशालाच रिसेल नाही. ताईंचे प्रश्न दोन: "माझ्या गाडीनं काय पाप केलं होतं? आणि पुढची गाडी रिसेल बघूनच घ्यायची का?"

ताई, नमस्कार.

पत्रात तुम्ही कंपनीचं नाव लिहिलंय, ते मी गाळलं. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही एक गोष्ट ओझरती लिहून टाकलीत, तिथे मी थांबलो. सासूबाईंना मुंबईहून ऑपरेशननंतर घरी आणताना, कसारा घाटात, रात्री, धो धो पावसात ट्रकच्या रांगेत तुम्ही एकट्या गाडी चालवत होतात आणि "गाडी जरासुद्धा हलली नाही". हे वाक्य जेवणाच्या ताटावर कुणी काढत नाही, कारण त्याला आकडा नाही. आकडा फक्त ४ लाख १० हजाराला आहे. म्हणून आधी आकड्यांचंच बघू.

जावेचे गेले ४ लाख २० हजार. तुमचे जातायत ८ लाख ३० हजार. फरक ४ लाख १० हजारांचा. घरात बहुतेक हाच आकडा फिरतोय आणि तो सगळाच्या सगळा तुमच्या 'चुकीच्या ब्रँड'च्या खात्यावर टाकला जातोय. पण मुळात तुमची गाडी जावेच्या गाडीपेक्षा पावणेचार लाखांनी महाग होती. जास्त किमतीच्या वस्तूचा घसारा जास्त, मग बोधचिन्ह कुठलंही असो. जावेच्या गाडीनं सुमारे ५१ टक्के किंमत राखली. तुमच्या गाडीनं तेवढीच टक्केवारी राखली असती तर ६ लाख ३० हजारांच्या आसपास मिळाले असते. म्हणजे ब्रँडचा म्हणून खड्डा पडला तो २ लाख २० हजारांचा. उरलेले १ लाख ९० हजार मोठी गाडी घेतल्याचे, आणि ती मोठी गाडी घरातल्या सगळ्यांनी सात वर्षं वापरली आहे. २ लाख २० हजार भागिले ८४ महिने, म्हणजे महिन्याला साधारण २,६०० रुपये. कमी नाहीत. पण ताटावर दर वेळी वाढला जाणारा आकडा आणि हा आकडा यात बराच फरक आहे.

त्यातही एक कॅलेंडरचा घोळ आहे. जावेची गाडी जुलैत गेली. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या नव्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला आणि शोरूमच्या किमती आठ ते दहा टक्क्यांनी उतरल्या. नवी स्वस्त झाली की जुनीला जुना भाव कोण देईल? तुम्ही भाव काढलेत ते दिवाळीनंतर. स्विफ्टसुद्धा आज विकायला काढली असती तर जावेला तो आकडा मिळाला असता का, हे एकदा हसत हसत विचारून बघा. भांडायला नाही, गंमत म्हणून.

आता तुमचा पहिला प्रश्न.

मी २६ वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. ठोकलेल्या गाड्या बघणं हाच धंदा, त्यामुळे कन्सल्टंट मंडळींच्या यार्डात माझी उठबस असायची, अजूनही आहे. विम्याच्या जगात गाडीच्या घसाऱ्याचं एक ठरलेलं कोष्टक आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, आणि पाच वर्षांपर्यंत ५०. पुढे कंपनी आणि गाडीमालक आपसांत ठरवतात. या कोष्टकात ब्रँडचा रकानाच नाही. लोखंड, रबर, प्लॅस्टिक सगळ्यांचं सारखंच म्हातारं होतं, असं ते कोष्टक म्हणतं. बाजार मात्र तो रकाना स्वतःच्या हातानं आखतो.

कसा आखतो ते मी एका दुपारी जवळून पाहिलं. ओळखीच्या एका कन्सल्टंटकडे चहा पीत बसलो होतो. अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन गाड्या आल्या. पहिली स्विफ्ट. त्यानं बॉनेट उचललं, पुढच्या अ‍ॅप्रनच्या बोल्टांवर नख फिरवून रंग खरवडलेला आहे का बघितलं, दाराचं रबरी बीडिंग ओढून आतलं पेस्टिंग कंपनीचं आहे की गल्लीतलं ते पाहिलं, टायरवरचा आठवडा-वर्षाचा आकडा वाचला, ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली. मग बाजूला जाऊन दोन फोन केले. परत आला तो भाव घेऊनच. दुसरी गाडी आली ती अशाच एका निघून गेलेल्या कंपनीची, मोठी, देखणी, दारं बंद करताना 'धप्प' आवाज येणारी. सगळं तेच तपासलं. स्विफ्टपेक्षा सरस निघाली. हा पठ्ठ्या तिच्याभोवती तीन चकरा मारून आला, फोन एकही केला नाही आणि पडेल भाव सांगून मोकळा झाला. मालक गेल्यावर मी म्हटलं, "अरे, गाडी तर खणखणीत होती." तो म्हणाला, "साहेब, स्विफ्ट आज घेतली तर रविवारी विकतो. ही घेतली तर हिच्यावरची धूळ पुसायला माणूस ठेवावा लागेल."

ताई, रिसेलची सगळी भानगड या वाक्यात आहे. त्याचे चार लाख किती दिवस अडकणार, हा त्याचा हिशेब. स्विफ्ट आठवड्यात हातोहात जाते. दुसरी तीन महिने उभी राहते. तोवर पैशाचं व्याज, यार्डाचं भाडं, बॅटरी उतरणं आणि शेवटी कुणीतरी येऊन अजून वीस हजार पाडणं, हे सगळं तो आधीच तुमच्या भावातून कापून ठेवतो. जुन्या गाडीसाठी कर्ज देणाऱ्या अनेक फायनान्सवाल्यांचा बंद झालेल्या कंपन्यांच्या गाड्यांवर हात आखडता असतो. कर्ज नाही म्हणजे रोख पैसेवालं गिऱ्हाईक हवं, म्हणजे गिऱ्हाइकं निम्म्यावर. गाडीची किंमत गाडीत असते असं आपल्याला वाटतं. ती असते तिसऱ्याच एका माणसाच्या डोक्यात, जो अजून यार्डात आलेलासुद्धा नाही. त्याला या गाडीची किती धास्ती वाटेल, त्याचा हा भाव.

याचा पुरावा तुमच्या जावेच्याच गाडीच्या बॉनेटखाली होता. २०१८च्या स्विफ्टमधलं ते १३०० सीसीचं डिझेल इंजिन मूळचं फियाटचं. स्विफ्टला ते २००७मध्ये मिळालं. फियाटच्या स्वतःच्या पुंटो आणि लिनिआतही तेच घराणं, टाटाच्या व्हिस्टातही तेच. पुंटो तर आपल्या रांजणगावची. पत्रा जाड, रस्त्यावर पकड भक्कम, शौकीन आजही तिच्या आठवणी काढतात. पण तेच इंजिन स्विफ्टमध्ये असलं की 'अमर', आणि पुंटोत असलं की "फियाट आहे हो, पार्ट मिळतील का?" इंजिनाचा गुण असता तर दोघींना सारखा भाव आला असता. भाव आला तो तालुक्याच्या गावी वर्कशॉप असण्याला, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं शंभरदा ते इंजिन खोलल्याला, आणि क्लच प्लेट नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चार प्रकारांत मिळण्याला. १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० मालकाच्या हातात गेली, तेव्हापासून हे जाळं विणलं जातंय. आज देशात विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या कारपैकी जवळपास चार त्यांच्या असतात. तेवढ्या गाड्या रस्त्यावर असल्या की मिस्त्री आपोआप तयार होतात, बनावट का होईना पार्ट तयार होतात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची झोप शाबूत राहते.

दुसरी गोष्ट कुणी फारशी उघडपणे बोलत नाही. जुनी गाडी चार लाखांना मिळते, पण तिचा हेडलाइट मात्र साडेबारा लाखांच्या गाडीचाच असतो. चार लाख हातात असलेला माणूस म्हणजे बहुधा पहिलीच चारचाकी घेणारा, महिन्याचं गणित घट्ट बसवलेला. त्याला खरेदी परवडते, दुरुस्ती परवडत नाही. तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स किंवा टर्बो गेला तर येणारं बिल आणि स्विफ्टचं बिल यांतला फरक तो आजच तुमच्याकडून वसूल करून घेतो. बड्या जर्मन गाड्या पाच-सहा वर्षांत उताराला लागतात त्याचं कारण हेच. ज्याला त्या परवडतात तो नवी घेतो, आणि ज्याला जुनी घ्यावीशी वाटते त्याला तिची एअर सस्पेन्शन परवडत नाही. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या नावानं लोक दचकतात तेही यातूनच. सगळे गिअरबॉक्स बिघडत नाहीत, पण एकाचा बिघडला की त्या बिलाचा फोटो पन्नास मोबाइलवर फिरतो.

तिसरी गोष्ट तर तुमच्या वाट्याला थेट आली: कंपनी जाण्याची. २०१७ संपता संपता शेवरोलेची भारतातली विक्री थांबली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी २०२०च्या डिसेंबरपर्यंत चालला, आता तो ह्युंदाईकडे आहे. २०२१च्या सप्टेंबरात फोर्डनं भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०२२मध्ये डॅटसनचा बाजार उठला. फियाटचा रांजणगावचा कारखाना चालू आहे, जीप तिथूनच बाहेर पडते, पण शोरूममध्ये नवी फियाट नाही. कंपनी गेली तरी सर्व्हिस आणि सुटे भाग एका रात्रीत बंद होत नाहीत, हे तुम्हाला अनुभवानं माहीत आहे. यार्डात आलेल्या माणसाला माहीत नाही. त्याच्या मते "कंपनी गेली" म्हणजे घरमालक गाव सोडून गेला आणि पाण्याची मोटार बंद पडली.

२०१८च्या दसऱ्याला यातलं तुम्हाला काय दिसणार होतं? काहीच नाही. मोठमोठ्या डीलरांनासुद्धा दिसलं नव्हतं. त्यांनी तर शोरूमच्या काचांवर पैसा घातला होता. तेव्हा "निवड चुकली" हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा वापरलाय तो निदान एकदा तरी खोडा. ज्या माहितीवर निवड केली ती बरोबर होती. नंतरची घटना तुमच्या हातातली नव्हती.

"टॅक्सीत चालणाऱ्या गाडीला मान नाही, म्हणून रिसेल नाही" असं तुमच्या दिरांचं एक वाक्य पत्रात आहे. दिरांना नमस्कार सांगा आणि इनोव्हा दाखवा. इंडिका टॅक्सीत गेली आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या मनातून उतरली, हे खरं. पण २००५मध्ये आलेली इनोव्हासुद्धा टॅक्सीतच गेली की! शिर्डी-शनी शिंगणापूर मार्गावर उभं राहा, दर चौथी-पाचवी तीच. तिचा भाव मात्र त्याच टॅक्सीनं चढवला. तीन-तीन लाख किलोमीटर झालेल्या गाड्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या, मागच्या सीटवर बसून पाहिल्या. टॅक्सी म्हणजे गाडीची भर चौकातली परीक्षा. पास झाली तर नाव, नापास झाली तरी नावच. आणि टोयोटाची दुसरी एक सवय आहे: नव्या गाडीवर सूट क्वचित, प्रतीक्षा यादी लांब. नवी मिळायला महिने लागत असतील तर दोन वर्षांची जुनी ताठ मानेनं उभी राहते. उलट काही कंपन्या दर मार्च-डिसेंबरला लाख-लाख रुपयांची सूट देऊन स्टॉक हलवतात. ती सूट कोण देतं? कंपनी देते असं वाटतं. खरं तर त्या गाडीचे जुने मालक देतात, एका रात्रीत.

गाव बदललं की भावही बदलतो, हे जाता जाता. बोलेरो बीडला, परभणीला उभ्या उभ्या जाते, तीच ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये नकोशी होते. छोटी ऑटोमॅटिक मुंबईत हवी, गडहिंग्लजला तिच्याकडे बघून विचारतात, "हिचा क्लच कुठाय?" टाटा-महिंद्राची नव्या गाड्यांबद्दलची पत गेल्या सात-आठ वर्षांत वाढली आहे. डिसेंबर २०१८मध्ये टाटाच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत पाच तारे मिळाले तेव्हापासून लोक पत्र्याबद्दल विचारू लागले, आणि ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप आलं. यार्डात "किती तारे?" असं विचारणारं गिऱ्हाईक आता दिसतं. दहा वर्षांपूर्वी "किती देती?" याखेरीज प्रश्न नव्हता. पण जुन्या गाडीच्या बाजारात नव्या कीर्तीला पोचायला वेळ लागतो. बाजार आजही बऱ्याच अंशी दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवांवर चालतो.

आता करायचं काय.

पहिला पर्याय तुम्ही पत्रात मांडलाच नाहीत: गाडी न विकणं. तुमचा मोठा घसारा होऊन गेलाय. १२ लाख ४० हजारांवरून ४ लाख १० हजारांपर्यंतचा उतार तुम्ही आधीच उतरलात. इथून पुढे वर्षाला तीस-चाळीस हजारांनीच भाव पडेल. डिझेलला दहा वर्षांची वेस आपल्याकडे नाही. आरसी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३३पर्यंत. पुढे तपासणी, हरित कर भरून नूतनीकरण. गाडी ठणठणीत आहे असं तुम्हीच म्हणता. मग ती विकण्याचं खरं कारण पुण्याच्या फेऱ्या आहे की ताटावरचा टोमणा, हे एकदा शांतपणे स्वतःला विचारा. पुण्याच्या फेऱ्यांना महामार्गावर स्थिर असणारी डिझेल गाडी लागते, आणि ती तुमच्या दारात उभी आहे. एक अट: सर्व्हिस सेंटरला जाऊन क्लच, टर्बो, इंजेक्टर, सस्पेन्शन यांची तपासणी करून घ्या आणि कुठले भाग यायला किती दिवस लागतात ते विचारून लिहून ठेवा. दोन-तीन महत्त्वाचे भाग महिना महिना येत नसतील तर मात्र माझा सल्ला बदलेल. एकट्या बाईनं रात्री सिन्नर-संगमनेर पट्ट्यात अडकायचं आणि वर पार्टची वाट बघायची, हे मी कुणाला सांगणार नाही.

विकायचीच असेल तर कन्सल्टंटला विकू नका. तुमच्यासारख्या गाडीला गिऱ्हाइकं थोडी, पण जी आहेत ती वेडी असतात. त्यांना हेच मॉडेल, हेच इंजिन हवं असतं, आणि एका हातातली, बिलांची फाइल असलेली गाडी शोधत ती कोल्हापूरहून नाशिकला येतात. तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या अ‍ॅडव्हायझरला सांगून ठेवा. त्याच्याकडे रोज असेच लोक येत असतात. थेट विक्रीत कन्सल्टंटचा नफा आणि त्या नफ्यावरचा त्याचा १८ टक्के जीएसटी, दोन्ही मधून निघतात. दोन महिने लागतील. घाई नसली तर माझ्या अंदाजानं ४० ते ६० हजार वर मिळायला हरकत नाही. ऑनलाइन कंपन्यांचाही भाव काढा, पण मोबाइलवर दिसणारा आकडा आणि दारात माणूस येऊन गेल्यावर उरणारा आकडा वेगवेगळे असतात हे लक्षात ठेवून. दुसरी किल्ली शोधून ठेवा. ती नसली की पाच-दहा हजार हमखास पाडतात.

कागदांचं मात्र मी जरा दरडावून सांगणार, कारण इथे भलेभले गळपटतात. कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलण्याच्या अर्जावर, सह्या करून गाडी देऊ नका. माझ्या शेजाऱ्यांनी दिली होती; पुढचं वर्षभर सोलापूर रस्त्यावरची ई-चलनं त्यांच्या मोबाइलवर येत होती. चलन परवडलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, कायद्यानं तोच मालक, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. मधे गाडी तीन हात फिरलेली असली तरी. फॉर्म २९ आणि ३० भरून, घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहूनच सही करायची आणि नाव बदललं की नाही ते 'वाहन' पोर्टलवर स्वतः बघायचं. कन्सल्टंटला दिलीत तर तो आरटीओचं अधिकारपत्र असलेला डीलर आहे का विचारा. एप्रिल २०२३पासून तशी तरतूद आहे आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद करता येते. कर्ज फिटलेलं असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलाय ना ते बघा. निम्मे लोक हे विसरतात. फास्टॅग बंद करा. आणि सात वर्षं क्लेम नाही म्हणजे तुमचा नो-क्लेम बोनस ५० टक्क्यांवर असणार. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो. ते पत्र मागायचंच विसरून तो वाया घालवणारे रोज भेटतात.

आता ती चाकणची गाडी.

घरचे म्हणतात ते चूक नाही, अर्धवट आहे. रिसेलचं महत्त्व तुम्ही गाडी किती वर्षं ठेवता त्यावर. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्या माणसानं मारुती-टोयोटाच घ्यावी, मी त्याला दुसरं काही सुचवणार नाही. तुम्ही गाडी सात-आठ वर्षं ठेवता. समजा १२ लाखांच्या दोन गाड्या, आठ वर्षांनी एक ४५ टक्के किंमत राखते, दुसरी ३०. फरक १ लाख ८० हजार. महिन्याला १,८७५ रुपये. हा आकडा मी गृहीत धरून काढलाय, पण पट्टी तुमच्या हातात दिली. आता प्रश्न असा विचारा: कसाऱ्यात न हलणारी गाडी मला महिन्याला १,८७५ रुपयांना हवी आहे का? उत्तर "नाही" आलं तरी चालेल, त्यात कमीपणा काही नाही. पण निदान उत्तर तुमचं असेल, दिरांचं नाही. त्यात सर्व्हिसचा वार्षिक खर्च मात्र मिळवा, आणि तो शोरूमच्या सेल्समनला न विचारता त्या गाडीच्या तीन-चार वर्षं जुन्या मालकांना विचारा. सर्व्हिस सेंटरच्या दारात शनिवारी सकाळी उभं राहिलात तर आपण होऊन सांगतात, थांबवावं लागतं.

आणखी एक वाट आहे, जी मला स्वतःला सगळ्यात पसंत आहे. रिसेल कमी म्हणजे विकणाऱ्याचं नुकसान, पण तेच घेणाऱ्याचं भाग्य. जिचा भाव पटकन उतरतो ती गाडी नवी घेऊच नये, तीन वर्षांची घ्यावी, पहिला कडा कुणीतरी दुसऱ्यानं उतरलेला असताना. आणि जिचा भाव उतरतच नाही ती जुनी घेण्यात मजा नाही. दोन वर्षांच्या इनोव्हासाठी लोक नवीच्या जवळपास पैसे मोजतात आणि वर वॉरंटी संपत आलेली. म्हणजे मारुती-टोयोटा घ्यायची तर शोरूममधून, युरोपियन घ्यायची तर दुसऱ्या हाताची. तुमच्या ११-१२ लाखांत, आवडली त्याच कंपनीची वरच्या वर्गातली, मोठ्या इंजिनाची गाडी बसेल. घेताना वाढीव वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का ते कागदावर बघा. इलेक्ट्रिक घेणाऱ्यांनी बॅटरीच्या वॉरंटीबाबत तर हे दोनदा बघावं, कारण 'आयुष्यभर' हा शब्द पुष्कळदा पहिल्या मालकापुरताच असतो.

यजमानांसाठी एक निरोप. सात वर्षं एकही क्लेम नाही, एकही सर्व्हिस चुकलेली नाही, हे गाडीचं नाही, चालवणारीचं काम आहे. माझ्या २६ वर्षांत अशा फाइली मी बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या. पुढच्या गाडीचा रंग हवा तर त्यांना ठरवू दे. पांढरा म्हणाले तर ऐका, पांढरी लवकर विकली जाते.

आणि पत्राच्या ताजा कलमात विचारलंय ते: मागच्या बंपरवरचा ओरखडा विकण्याआधी रंगवून घेऊ का? नको. नवा रंग दिसला की बघणारा बंपर सोडून सगळी डिकी उघडतो, कार्पेट उचलतो, वेल्डिंग शोधत बसतो. ओरखडा आहे तसा राहू द्या, आणि विचारलं तर कॉलेजच्या पार्किंगमधल्या खांबाचं नाव सांगा.